वाडग्यातली अक्का

आमचे नाना वाडग्याशी बोलतात. सकाळी एमआरआयच्या टेबलावर वाडगा ठेवतात, त्यावर हलकेच थाप मारतात आणि म्हणतात, "अक्का, हलू नको बरं. आत्ता होईल."

वाडग्यात वनस्पती तूप आणि अंड्याचा पांढरा भाग शिजवून जमवलेला गोळा असतो. त्याला फँटम म्हणतात. मशीनला तो आतून स्तनासारखाच दिसतो. त्यामुळे तपासणीचे नवे प्रयोग आधी त्याच्यावर करता येतात, कुणा बाईला उगाच पोटावर पडून राहावं लागत नाही. जळगावच्या आमच्या केंद्रात नाना भौतिकशास्त्रज्ञ आहेत आणि मी मशीन चालवते.

हे मिश्रण मंद आचेवर सावकाश ढवळावं लागतं. सावकाश हा शब्द नानांच्या पत्रिकेतच नाही. चहा चालता चालता पितात, बोलताना खिशातल्या किल्ल्या खुळखुळवतात. घाईने ढवळलं की गोळ्यात बुडबुडे राहतात, फोटोत काळे ठिपके येतात आणि अख्खी अक्का बेसिनमध्ये जाते. नानांच्या बायको, आमच्या काकू, माळकरी. आपल्या पातेल्यात अंडी शिजली हे कळल्यावर त्यांनी पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवलं. ते आता आमच्याकडे असतं.

मेहरूण तलावाकाठी एका भरीत पार्टीत तर कमालच झाली. सगळे पुरीबरोबर भरीत हाणत होते आणि नाना भाजलेलं वांगं बोटाने दाबत उभे. म्हणे, आत गाठी कशा लागतात बघ. वाढणाऱ्याने त्यांच्या हातातलं वांगं काढून घेतलं.

प्रत्येक तपासणीनंतर त्यांचं एकच पालुपद, "अजून लांबतंय." वेळ कमी केला की फोटो धूसर, फोटो सुधारला की वेळ जास्त. मी कंटाळले. एवढी घाई कुणाला आहे, असं विचारलं की किल्ल्या जोरात वाजायच्या.

शेवटी निम्म्या वेळात स्वच्छ फोटो आला आणि डॉक्टर मॅडमनी ही पद्धत मान्य केली. दुसऱ्याच दिवशी नाना स्टँडवर गेले आणि चोपड्याच्या गाडीतून एका किडकिडीत बाईंना घेऊन आले. म्हणाले, ही माझी मोठी बहीण, अक्का.

मी वाडग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अक्कांच्या छातीत गाठ लागली होती. मागे दुसरीकडे तपासणी अर्धवट टाकून त्या उठल्या आणि थेट चोपड्याला गेल्या. त्या डब्यात इतका वेळ पडणार नाही, वेळ कमी झाला तरच येईन, असं त्यांनी भावाला बजावलं होतं. गाठ तशीच होती.

अक्का पालथ्या झोपल्या. उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "नाना, तू आठेच ऱ्हाय. आन तू हालना ते मी बी उठी जासू." म्हणजे नाना जरा जरी हलले, तर त्याही उठून जाणार.

मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून नानांनी घड्याळ आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. आत जाऊन बहिणीचा बाहेर राहिलेला पाय धरला आणि उभे राहिले. मशीन ठकठक करू लागलं. मी काचेतून बघत होते. या माणसाला मी असं कधीच पाहिलं नव्हतं. मानसुद्धा हलली नाही.

फोटो स्वच्छ आला. टेबल बाहेर घेतलं तरी नाना पाय सोडेनात. झालं म्हटल्यावर हळूच बोलले, "पायाला मुंग्या आल्यात."

अक्का खाली उतरल्या, त्यांना स्टुलावर बसवून पोटरी चोळू लागल्या. रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. किल्ल्या माझ्याच हातात होत्या. नानांनी त्या मागितल्या नाहीत.