घरभेदी ठरविण्याबाबत

शिक्षकांवरचा ताण वाढल्याचे वरच्या कार्यालयाच्या लक्षात आले आणि तो सात दिवसांत कमी करून अनुपालन अहवाल तीन प्रतींत सादर करावा, असे परिपत्रक निघाले. सोबत प्रत्येक शाळेला एक खोका आला. त्यात 'सात घरं, एक वैरी' या टीव्हीवरच्या मालिकेवर बेतलेला, मोठ्या माणसांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ होता.

हिवरखेडच्या पुढे, फाट्यावरच्या चार शिक्षकी शाळेत हा खोका शनिवारी शाळा सुटल्यावर उघडला. पहिलीच्या मोतीराम तायडे गुरुजींना घाई होती. त्यांची तेवीस मुलं नुकतीच वेलांटीपाशी आली होती आणि तक्ते अर्धे रंगवून झाले होते. पण मुख्याध्यापक ओमप्रकाश सरांनी पत्ते वाटले. तीन पत्ते 'घरचा', एक 'घरभेदी'. आपला पत्ता लपवायचा, गप्पा मारायच्या आणि शेवटी हात वर करून घरभेदी ठरवायचा.

गुरुजींच्या हाती 'घरचा' आला.

"गुरुजी, काल सासूनं तिजोरीची चावी कोणाले देल्ली?" तिसरीच्या विपुल सरांनी विचारलं.

"कोणाची सासू?"

"शिरेलमधली! तुमी पाहातच नाई?"

"मले वेळ कुठी भेटते बापा? मी लेकरायचे तक्ते करून राहिलो."

विपुल सर वकिलासारखे सगळ्यांकडे वळले. "आयका! सारं गाव पाहाते अन् हे पाहात नाई. काहून? काहीतरी लपवून राहिले!"

तीन हात वर गेले. गुरुजी हसले, पत्ता खोक्यात टाकला आणि रंगाच्या डब्याकडे गेले. ओमप्रकाश सरांनी नमुन्याप्रमाणे इतिवृत्त लिहिलं: 'श्री. तायडे हे बहुमताने घरभेदी आढळले. पुरावा: मालिका पाहत नाहीत.' खरा घरभेदी कोण होता, यासाठी नमुन्यात रकाना नव्हता.

वर पाठवलेले अहवाल कोणी वाचत नाही, असा सर्वांचा अनुभव होता. हा मात्र वाचला गेला. घरभेदी आढळूनही शाळेने कारवाई का केली नाही, याचा खुलासा मागवण्यात आला आणि चौकशी होईपर्यंत गुरुजींना मुलांपासून दूर, खिचडीच्या तांदळाच्या खोलीत बसवण्याचा आदेश झाला.

"सर, खेळ होता म्हणून लिहून द्या ना," गुरुजी म्हणाले.

"कसं लिहू? खेळ म्हटलं तं इतिवृत्त खोटं होते. इतिवृत्त खोटं झालं तं आपला ताण कमी झालाच नाई. मंग नोटीस मले!"

दहा दिवस गुरुजी पोत्यांशेजारी बसले. पलीकडे त्यांचा वर्ग विपुल सरांच्या हवाली होता. मुलं 'पाणी' हा शब्द 'पाण' असा सुरात वाचत आणि गुरुजी भिंतीवर टकटक करून ओरडत, "णी रे बापहो, णी!" दुसरीच्या सीमा मॅडम तेवढ्या दुपारी त्यांना चहा आणून देत.

अकराव्या दिवशी अकोल्याहून चौकशी अधिकारी वामनराव साहेब आले. त्यांनी दोन्ही बाजूंनी परिपत्रक वाचलं आणि फेरखेळाचा आदेश दिला. जो घरभेदी ठरेल त्याची दुसऱ्या तालुक्यात बदली, निकाल अंतिम.

पत्ते वाटले. गुरुजींनी आपला पाहिला. 'घरभेदी'.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी लहान मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. ते उभे राहिले. "साहेब, घरभेदी मीच आहो. हा पाहा पत्ता."

"पत्ता खाली!" साहेब ओरडले. "निकालाआधी पत्ता पाहणं नियमात बसत नाही." मग त्यांनी इतरांना विचारलं, "मालिकेतला घरभेदी असं कबूल करतो का?"

"कधीच नाई," विपुल सर म्हणाले.

"म्हणजे हे कोणाला तरी वाचवताहेत. दहा दिवसांत यांच्या संपर्कात कोण होतं?"

सगळ्यांनी सीमा मॅडमकडे पाहिलं.

"अवो, मी फक्त चहा देल्ला!"

"कबुली," साहेब म्हणाले आणि लिहून घेतली.

आरोपीला मत नसतं. ओमप्रकाश सर आणि विपुल सरांचे हात वर गेले. निकाल झाला: 'सीमा मॅडम बहुमताने घरभेदी, सबब बदली. श्री. तायडे खोटे बोलले, सबब निर्दोष. वर्ग परत द्यावा.'

"आता तं पाहा पत्ता!" गुरुजी कळवळले.

"निकाल लागल्यावर पत्ता पाहण्याचं प्रयोजन उरत नाही," साहेब म्हणाले.

इतिवृत्त सह्यांसाठी फिरलं.

"गुरुजी, तुमी तरी सही करू नोका," सीमा मॅडम हळूच म्हणाल्या. "माह्या पत्त्यावर 'घरचा' हाये."

"नाई केली तं चौकशी पुन्हा पयल्यापासून," ओमप्रकाश सरांनी सांगितलं. "अन् पोरं तोवर विपुलकडं."

गुरुजींनी दाराबाहेर पाहिलं. तेवीस मुलं पाट्या घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली होती. त्यांनी पेन उचललं आणि मान खाली घालून एवढंच विचारलं, "कुठी करू?"

तुम्हाला गुरुजींचा राग आला असेल. येणं बरोबरच आहे. फक्त गेल्या पालकसभेत, सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या बैठकीत चहाचा कप एका हातात धरून तुम्ही ज्या वहीत सही केलीत, तिच्यात सहीच्या वर काय लिहिलं होतं, तेवढं आठवून पाहा. तुमच्याकडे तर तेवीस मुलंही वाट पाहत नव्हती.