तात्यांची बारकी लॉरी

ऑफिसचा पेजर संडासात पडला तेव्हा तो फेकून द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. (पडला म्हणजे माझ्याच खिशातून पडला. पण आमच्या ऑफिसात वस्तू आपणहून पडतात, असं म्हणायची पद्धत आहे.) मी न्हावा शेवाला बंदरातला माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "दिनानाथ, ते लांब नेऊन टाक." मी ते लांब नेलं. थेट नेरूळला, माझ्या घरी.

पेजरच्या पोटात एक मोटर असते. मेसेज आला की खिशात गुरगुरते ना, तीच. शेंगदाण्याएवढी असते. आणि मला नाद होता काडेपेटीएवढ्या मॉडेल गाड्यांचा. अगदी खऱ्यासारखे दिवे, आरसे, चाकं असलेल्या, पण ढकलल्याशिवाय न हलणाऱ्या. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या तेव्हा दुकानात मिळायच्या, पण त्या मांजराएवढ्या. काडेपेटीएवढी गाडी रिमोटवर चालवायची, हे माझं स्वप्न होतं.

"लोक गॅलरीला ग्रिल लावतात, वॉशिंग मशीन घेतात," आमची नंदिनी म्हणाली. "आणि तुम्ही झुरळांसाठी वाहतूक सुरू करताय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण हॉलमधल्या खाटेवर तात्या होते.

तात्या म्हणजे माझे वडील, हौसेराव. जन्मभर ट्रक चालवला. साताऱ्याहून भाजी, तळोज्याहून पिंपं, बंदरातून काय वाटेल ते. खंबाटकीचा घाट हा माणूस एका हातानं उतरायचा आणि दुसऱ्या हातानं तंबाखू मळायचा. त्या माणसाला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अर्धंमुर्धं परत आलं, पण कुशीवर वळायला आम्ही दोघं लागायचो. दिवसभर पंख्याकडे बघत पडून असायचे. मग एक दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पेज घ्यायचं बंद केलं.

"अहो, तात्यांना जगायचंच नाहीये," नंदिनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. तिच्या हातातली वाटी तशीच भरलेली होती.

मी हत्यारांचा डबा काढला. (अशा वेळी काय बोलायचं हे मला कधीच सुचत नाही. म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर घेतो.)

माझ्याकडे एक नारिंगी लॉरी होती. तात्यांच्या गाडीसारखी. तिचा तळ उघडला. पेजरची मोटर मागच्या चाकांना जोडली, पुढची चाकं वळवायला तारेचं बारकं वेटोळं आणि चुंबक. भंगारवाल्याकडून आणलेल्या एका रिमोटगाडीचं सर्किट कापून कापून लॉरीच्या हौद्यात कोंबलं, आणि वर कॉर्डलेस फोनचा सेल. सगळं बसलं, फक्त हौद्याचं झाकण बसेना. मग वरून काळी चिकटपट्टी ताडपत्रीसारखी ओढली. रिमोटच्या दोन दांड्या होत्या, एक पुढं-मागं जायला, एक वळायला. त्या एकमेकींजवळ आणल्या, म्हणजे तात्यांच्या डाव्या अंगठ्याला दोन्ही पोचतील.

लॉरी फरशीवर ठेवली, रिमोट तात्यांच्या हातात दिला. "तात्या, पुढं ढकला."

लॉरी मागं गेली. सरळ खाटेखाली. मी वायरी उलट्या जोडल्या होत्या.

भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडं वळलं. झटका आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"रिवस... बरा हाय," तात्या म्हणाले. "फुडचं गेअर टाक."

त्या संध्याकाळी त्यांनी पेज घेतली. नंदिनीनं पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या मोटारींना पुन्हा म्हणून काही बोलणार नाही, असं कबूल केलं. (हे तिनं पाळलंही. थोडा वेळ.)

मग आमच्या घराचा हायवे झाला. तात्या पहाटेच गाडी काढायचे. हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून स्वयंपाकघर, ओट्याखालून वळून परत. येताना हौद्यावर एक सुपारी किंवा औषधाची गोळी. गोळी पडली तर ती उचलायचं काम माझं. लॉरी कपाटाखाली अडकली तर पालथं पडून काढायचं कामही माझं.

"आरं ए क्लिनर!" तात्या ओरडायचे. आयुष्यात प्रथमच त्यांनी मला काहीतरी हुद्दा दिला होता. मी मनातून खूश होतो.

असं बरं चाललं असताना नंदिनीनं केर काढायला दार उघडं ठेवलं, आणि तात्यांनी गाडी बाहेर काढली. समोरच्या मालतीबाईंच्या दाराखाली फट होती. लॉरी त्यातून आत गेली. पुढचं आम्हांला फक्त ऐकू आलं. आधी किंकाळी, मग लाटणं.

मालतीबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "घुशीचं पिल्लू होतं हो! मी ठेचलं! पण मेलं अजून गुरगुरतंय!"

खरंच गुरगुरत होतं. कारण तात्यांनी अंगठा काढलाच नव्हता. केबिन चपटी झालेली, पुढचं एक चाक निखळलेलं, आणि लॉरी त्यांच्या ओट्याजवळ एका जागी गोल गोल फिरत होती. मी ती तळहातावर घेऊन परत आलो, तेव्हा तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माज्या हातनं... कदी ॲक्सिडेन झाला न्हवता," ते म्हणाले. मग एकदम माझ्यावर नजर रोखली. "ब्रेक कुटं हाय हिचा?"

"तात्या, ब्रेक... ब्रेक नाहीये."

"बिनब्रेकाची गाडी? बापाच्या हातात?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. नंदिनीशी बोलत, मालतीबाई चौकशीला आल्या तर त्यांच्याशीही बोलत. मी खोलीत आलो की भिंत. मी केबिन ठोकून सरळ केली, चाक बसवलं, रिमोट सोडला की मोटर क्षणभर उलटी फिरून गाडी जागच्या जागी थांबेल अशी सोय केली. लॉरी त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही.

मग ताप आला. छातीत कफ भरला. डॉक्टरांनी मला जिन्यात नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गावाकडं कळवून ठेवा."

त्या दुपारी मी खाटेजवळ उभा होतो. तात्यांच्या छातीतून भात्यासारखा आवाज येत होता. त्यांनी डोळे उघडले आणि डावा हात उशाकडे सरकवला. मी घाईघाईनं लॉरी फरशीवर ठेवली, रिमोट त्यांच्या पंजात दिला. अंगठा हलला. लॉरी निघाली, हळू, अगदी हळू, आणि माझ्याकडे आली. माझ्या पायाच्या अंगठ्याला टेकली आणि थांबली. पुन्हा थोडी मागं जाऊन पुन्हा टेकली.

मला हुंदका आवरेना. बाप पोराला जवळ घेत होता, शेंगदाण्याएवढ्या मोटरीनं का होईना! मी गुडघ्यांवर बसलो. "तात्या... मी इथंच आहे तात्या..."

त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पाय काड," तात्या म्हणाले. "वाटंत हाईस."

हे वडिलांचे माझ्याशी शेवटचे शब्द. मी पाय काढला. लॉरी स्वयंपाकघरापर्यंत गेली, ओट्याखालून वळली, परत आली आणि खाटेजवळ ब्रेक लावून थांबली. दिवे लागायच्या आत तात्या गेले.

सकाळी साताऱ्याहून उदयसिंहकाका आले. तात्यांचे धाकटे भाऊ, तस्साच आवाज, तश्शाच मिश्या. आल्या आल्या माझे खांदे धरले. "शेवटाला काय बोलला आमचा भाऊ?"

हॉलमध्ये माणसं दाटलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वाट..." मी म्हणालो. "वाटेतून बाजूला हो, असं म्हणाले."

"आहाहा!" काकांनी डोळे मिटले. "केवढं मोठं बोलला! मोहमायेला म्हनाला बाजूला हो!"

बायका रडायला लागल्या. मालतीबाईंनी हात जोडले. मोहमायेच्या पायाचा अंगठा अजून दुखत होता.

ऑफिसनं स्टाफची मिनीबस दिली होती. खाडीच्या अंगाला असलेल्या स्मशानात पोचलो. काकांच्या आग्रहाखातर त्यांचं आणि माझं डोकं-मिशी तिथंच उतरवलं. सरण रचलं. मग काकांनी तात्यांच्या उशाशी सापडलेली नारिंगी लॉरी पिशवीतून काढली आणि तात्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. शेजारी रिमोट.

"काका, नको," मी म्हणालो. "आत सेल आहे. रिमोटमध्ये पण आहे."

"असू दे की. वर सेल कुटं मिळायचा त्याला?"

मी अग्नी दिला.

आता, कवटी फुटल्याचा आवाज होईपर्यंत कुणी स्मशान सोडत नाही. तो झाला की आत्मा मोकळा. सगळे माना खाली घालून थांबले होते. ऊन चढत होतं. आणि एकाएकी चितेतून आवाज आला. फाट्!

"मोकळा झाला भाऊ!" काका म्हणाले. मंडळींनी हात जोडले आणि बसकडे वळली.

पण तो सेलचा आवाज होता. रिमोटमधल्या चौकोनी सेलचा. माझी खात्री होती, तो सेल मीच बसवला होता. म्हणजे तात्या अजून मोकळे झाले नव्हते. पण हे सांगायचं कुणाला? "थांबा हो, ती बॅटरी होती," असं बापाच्या चितेसमोर ओरडायचं? मी एकटा मागं राहिलो. जरा वेळानं दुसरा आवाज आला, फुस्स. तो लॉरीतला असणार. मी हललो नाही. राखेचे कण डोळ्यांत जात होते, की आणखी काही होतं, कुणास ठाऊक. शेवटी आतून असा एक जड, खोल आवाज आला की मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मी हात जोडले. "तात्या, निघा," म्हटलं. "वाट मोकळी आहे."

मागं वळलो तर मैदान रिकामं. बस गेलेली.

अनवाणी, ओल्या पंच्यानं, तापलेल्या डांबरावरून मी नेरूळपर्यंत चालत आलो. मनात म्हटलं, घरी आकांत झाला असेल. ज्यानं अग्नी दिला तोच हरवला, माणसं शोधायला निघाली असतील.

दार उघडंच होतं. माणसं चहा पीत होती. काका आंघोळ करून खुर्चीवर बसले होते, अंगात माझा सदरा आणि माझीच लुंगी. नंदिनी त्यांच्यापुढं माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि म्हणत होती, "अहो, दोन घास खाऊन घ्या. रडू नका. तुम्ही केलंत तेवढं कुठलाच मुलगा करत नाही."

मी दारातच थबकलो. काका चुळबुळत होते. बसमध्ये माणसं मोजणाऱ्या आमच्या साहेबांनी नंतर खुलासा केला, "एक टकला चढलेला बघितला, म्हटलं दिनानाथ आला, सोड गाडी."

एवढ्यात नंदिनीचं माझ्याकडे लक्ष गेलं. बिनमिशीचा, बिनकेसांचा, घामाघूम, काळवंडलेला मी. तिनं डोळे पुसले, पदर सावरला आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"या काका. पाय तिकडं बाहेरच धुवा हं."