सुभेदार सेनूफर आणि थरथरणारी प्रजा

एका जंगलात नव्हे मुलांनो, जंगल संपून वाळवंट सुरू होतं ना, तिथे नाईल नदीकाठी मगरमहाराजांचं राज्य होतं. महाराजांनी दक्षिणेचा माकडांचा डोंगर जिंकला आणि सेनूफर नावाच्या बगळ्याला तिथला सुभेदार नेमलं.

सेनूफर भित्रा होता. पण अक्षर फार सुंदर. राज्यात एवढं पुरतं.

डोंगरावर पोचताच त्याने दवंडी पिटली, "ऐका हो ऐका, तुम्ही जिंकले गेले आहात!"

"कधी?" माकडांची म्होरकी कारोमाआजी हिने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात."

"अगं बाई! तेव्हा आम्ही खजूर खायला पलीकडच्या खोऱ्यात होतो. जेवलात का?"

सेनूफर पोटभर जेवला. मग त्याने महाराजांना लिहिलं, "प्रजा आपल्या नावाने थरथर कापते."

उत्तर आलं, "बघायला येतो. प्रजा कापली नाही, तर तुझी मान कापू."

बगळ्याची मान लांब. कापायला जागाच जागा. सेनूफर रडत कारोमाआजीकडे गेला.

"आजी, एक दिवस कापाल का हो?"

"कापू की. पण थंडी नाही, ताप नाही. कापायचं कशानं?"

"महाराजांना भिऊन."

"दिसतात कसे?"

"हे मोठे दात! ही मोठी शेपूट! चालताना पोट जमिनीला घासतं."

"पोट घासतं?" म्हणत आजी हसत सुटली. मग सगळा डोंगर हसला. तीन दिवस तालीम झाली. कुणाला कापता म्हणून आलं नाही.

चौथ्या दिवशी महाराज आले. खडकांवरून पोट घासत, 'सर्र... सर्र...' करत आले.

माकडांनी दोन्ही हातांनी तोंडं दाबली. खांदे हलले, पोटं हलली, शेपट्या हलल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"वा!" महाराज म्हणाले. "अशी थरथर राजधानीतही नाही!"

इतक्यात एका जाड्या माकडाचा धीर सुटला. "खी खी खी!"

"हे काय?" महाराज गरजले.

सेनूफर घाईघाईने पुढे आला. "महाराज... भीतीने वेड लागलं त्याला."

महाराजांना गहिवरून आलं. "अरेरे! इतकंही भिऊ नये रे." त्यांनी त्या माकडाला टोपलीभर अंजिरं दिली आणि सेनूफरला तहहयात सुभेदारी.

तात्पर्य : राजाला कधीही हसू नये. फारच हसू आलं, तर दाबून धरावं. त्यालाच राजनिष्ठा म्हणतात.