गॅलरीतल्या सहा जणी

ते हेड घरी आणायचं धम्मरत्नने ठरवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

त्याच्या निघोजेच्या मित्राकडे, रणजीतकडे, एक जुनी परदेशी गाडी होती. एका ओळीत सहा सिलिंडर. इंजिनाच्या डोक्यावर बसतं ते हेड; त्यातल्या हवेच्या सहा वाटा घासून रुंद केल्या की इंजिन मोकळा श्वास घेतं. "भावा, रविवारी रेस हाय. दुसरं हेड कुठं मिळायचं न्हाई," रणजीतने बजावलं होतं. चाकणच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर असलेल्या धम्मरत्नने छाती काढून होकार दिला. (मोजता येतं म्हणजे घासताही येतं, हा त्याचा समज.)

अडचण एकच. गेल्या वर्षी त्याने कुकरमध्ये कार्ब्युरेटर उकळला, तेव्हापासून बायकोने, मिनलने, इंजिनाच्या नटबोल्टलाही घरबंदी केली होती. म्हणून ती गाण्याच्या क्लासला गेली, की तो रावेतच्या फ्लॅटच्या गॅलरीत घासायचा आणि हेड पांढऱ्या चादरीखाली लपवायचा.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट संपवून तो घरी आला. मिनल भिंतीला टेकून उभी होती.

"गॅलरीत कुणीतरी रडतंय."

"अगं, आपण शिकलेली माणसं..."

"ऐक."

हूंऽऽ... अकरावा मजला, शेजारचा फ्लॅट रिकामा. आवाज दाराच्या फटीतून यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा.

"एक नाही, सहा जणी आहेत," मिनल कुजबुजली. "पाच एका सुरात. सहावीचा गळा फाटलाय."

धम्मरत्नच्या अंगावर सरकन काटा आला. (अंधश्रद्धेवर विहारात भाषण देणारा हाच.) त्याने दार ढकललं. कोपऱ्यात पांढरं काहीतरी गुडघ्यांत मान घालून बसलं होतं. आणि ते श्वास घेत होतं.

किंचाळून तो मिनलच्या मागे लपला. तेवढ्यात वाऱ्याने चादर उडाली.

"अरे, माझं हेड!" तो आनंदाने ओरडला. मग त्याला घरबंदी आठवली.

मिनल मात्र हेडजवळ जाऊन बसली होती. वारा त्या भोकांतून घुमत होता. तिने एकेक करत पाच भोकं झाकली. सहावं घरघरत राहिलं. तिने मोबाईलचा टॉर्च मारला. घासता घासता आतली भिंत फुटून वाट थेट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत उघडली होती.

धम्मरत्न मटकन खाली बसला. रणजीतला काय तोंड दाखवायचं? त्याला खरंच हुंदका फुटला.

"सातवा," मिनल म्हणाली.

तिने त्याच्या खिशातून कंपनीचा लाल रिजेक्ट टॅग काढला, हेडला बांधला आणि भरला. दोष: सहावी वाट फुटली. कारण: नवरा.

धम्मरत्नने डोळे पुसले आणि सवयीने खाली इन्स्पेक्टरच्या जागी सही ठोकली. मिनलने ती खोडली आणि तिथे स्वतःची केली.