आठव्या खळग्यातला उजेड

पिपेटनं थेंब सोडण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या माँतेव्हिदेओत नाही! हे मी नाही, माझा प्रयोगशाळेतला जोडीदार यामांदू म्हणतो. म्हणजे त्या आठवड्यापर्यंत म्हणायचा.

काम साधं होतं. आम्ही दोन प्रकारचे जिवाणू घडवले होते. 'बोलके' एक रसायन सोडतात. ते पोहोचलं की 'ऐकणारे' हिरवे चमकतात. किती चमकले, ते यंत्र मोजतं. प्लास्टिकच्या पट्टीवरच्या आठ खळग्यांत ऐकणारे भरायचे, सातांत बोलक्यांचा थेंब, आठव्यात नुसतं पाणी. आठवा काळोखात राहिला, तरच बाकीचं मोजमाप खरं. आणि शुक्रवारपर्यंत ते जमलं नाही, तर माझा प्रबंध थेट पुढच्या वर्षी!

सोमवारी आठवा चमकला.

"यंत्र बिघडलंय," यामांदू म्हणाला. यंत्र पुसलं. मंगळवारी चमकला! "मग पाणी खराब." सगळं पाणी ओतून दिलं. बुधवारी आणखी चमकला!

दर खेपेला आम्ही व्हरांड्यात जाऊन येर्बाच्या पानांचा कडू काढा प्यायचो. प्रयोगशाळेतले सहा जण, पेल्यासारखा पोखरलेला एक भोपळा, एक नळी. नळी पुसून पिणाऱ्याला आमच्याकडे कुणी पुन्हा बोलवत नाही.

गुरुवारी घोट घेता घेता मला साक्षात्कार झाला. "अरे, कुणी बोलत नसताना हे ऐकतायत! हा शोध आहे शोध!"

"बाईंना इतक्यात सांगू नकोस रे बाबा," यामांदू म्हणाला.

तोवर मी फोन लावलेला होता.

शुक्रवारी आमच्या मार्गदर्शक एल्विराबाई आल्या, बरोबर दोन परीक्षक घेऊन! "कर बघू आमच्यासमोर."

मी बाह्या सरसावल्या. पहिल्यात थेंब, दुसऱ्यात थेंब, असं करत सातव्यापर्यंत. मग त्याच पिपेटनं पाणी ओढून आठव्यात सोडलं. हात जराही हलला नाही!

"मिल्तोन," बाई म्हणाल्या, "पिपेटचं टोक बदललं नाहीस?"

"छे हो बाई! आधीच्याला काय वाटेल?"

बोलून गेलो आणि मग मलाच ऐकू आलं. दर थेंबाला नवं टोक, नाहीतर बोलक्यांचा अंश पाण्यात उतरतो, हे पहिल्या वर्षाचं पोरही जाणतं. मी आठवडाभर जिवाणूंना एकाच नळीनं काढा पाजत होतो! परीक्षक खिडकीबाहेर बघू लागले.

"शोध छान आहे," बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मांड."

मी व्हरांड्यात जाऊन बसलो. माझी पाळी आली, तेव्हा यामांदूनं खिशातून कोरी नळी काढली, भोपळ्यात खोचली आणि अदबीनं माझ्यापुढे धरली. वर्ष गेल्याचं दुःख होतंच. पण हे फार लागलं हो!