वेंडेलचा धूर

"पुढच्या गुरुवारी तुझा धूर झाला, तर तू क्लबच्या बाहेर," ऑरिन टेट म्हणाला आणि खोकला. खोकण्यात थोडा अभिनय होता, पण फार नव्हता.

वेंडेल हॅस्किन्स मान खाली घालून रिव्हॉल्व्हर पुसत होता. गावच्या सभागृहाखालच्या तळघरात क्लबची नेमबाजी चाले आणि तिथल्या पंख्याला जेमतेम एका सिगारेटचा धूर पेलवत असे. ऑरिन क्लबचा सेक्रेटरी होता, त्यामुळे पंखा बदलण्यापेक्षा माणूस बदलणं त्याला स्वस्त वाटत होतं.

"शिशाची गोळी वंगणाशिवाय सोडू? नळीला सगळं शिसं चिकटेल," वेंडेल म्हणाला.

"वंगणाला कोण नको म्हणतंय? पण तू मेंढीची चरबी फासतोस! तुझे दोन बार झाले की मला निशाण दिसत नाही. घरी गेलो की ग्लोरिया विचारते, मटण कुठं चापलंस? बाबा रे, आम्ही सगळे आता पावडर कोटिंग करतो."

"खिडकीच्या गजांना करतात ते?"

"तेच. डब्यात गोळ्या टाकायच्या, पावडर टाकायची, हलवायचं आणि भाजायचं. माझी सासूसुद्धा करील."

वेंडेल गोळ्या घरीच ओतायचा आणि वंगणही स्वतःच कढवायचा. त्यात मेण असे, मेंढीची चरबी असे आणि तिसरी एक वस्तू असे. ती काय हे तो कुणाला सांगत नसे. कुणी विचारतही नसे. पण आरागिरणी बंद झाल्यापासून त्याच्या आठवड्यात वार एकच उरला होता, गुरुवार. तोही गेला तर उरलेल्या दिवसांचं करायचं काय? तो मुकाट्यानं पावडर आणायला दुकानात गेला.

"गुलाबी?" घरी त्याच्या हातातली पावडरची पिशवी बघून बायकोनं, लव्हॉननं, विचारलं.

"काळी संपली होती. लालही संपली होती."

"छान आहे. मॅचिंग मोजे विणून देऊ?"

"लव्हॉन, चेष्टा नको. तुझा ओव्हन..."

"माझ्या ओव्हनला हात लावलास तर ओव्हन राहील, हात राहणार नाही. शिसं तापवलेल्या ओव्हनमधला केक तू खाशील, मी नाही खाणार." तिचं बरोबर होतं. असला ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचा नाही, हे क्लबमधल्या सगळ्यांना पाठ होतं, कारण त्यांच्या बायकांनी ते पाठ करून घेतलं होतं. वेंडेलनं जुन्या सामानाच्या दुकानातून एक टोस्टर ओव्हन आणला आणि मागच्या ओसरीवर ठेवला.

मग शेडमध्ये बसून त्यानं मार्गारिनच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर घालून हलवायला सुरुवात केली. खांदा निखळायची वेळ आली. झाकण उघडून पाहिलं तर गोळ्या गेल्या तशाच नागव्या बाहेर आल्या. त्यानं ऑरिनला फोन लावला.

"चिकटतच नाही रे!"

"हवा दमट असेल. प्लॅस्टिकवर घासून वीज तयार होते ना, तिच्यानं पावडर धरते. दमट हवेत वीज कुठून येणार? कोरड्या जागी जा."

"या गावात? डिसेंबरात? जलप्रलयातल्या नोहाला विचारू का, कोरडी जागा कुठं मिळते?"

"मग चुलीजवळ बस," म्हणून ऑरिननं फोन ठेवला.

कोरडी जागा घरात एकच होती, बसायची खोली. तिथं लव्हॉनच्या आईनं दिलेली काळीभोर लोखंडी चूल थंडीभर धगधगत असे, आणि गालिच्यावरून चालून दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा झटका बसे. लव्हॉन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. बायको घरात नसताना नवऱ्याला सुचतं ते नेहमी बरोबरच वाटतं. वेंडेल डबा घेऊन चुलीसमोर उभा राहिला. घासण्यानं वीज होते, तर जास्त घासण्यानं जास्त होईल, म्हणून तो लोकरी मोज्यांनी गालिचा घाशीत, डबा हलवीत, गोल गोल नाचू लागला.

वीज झाली. झाकणही उडालं.

आता ती पावडर साधी राहिली नव्हती, अंगात आल्यासारखी झाली होती. ती पडद्यांना बिलगली, टीव्हीला बिलगली, सोफ्यावरच्या नायलॉनच्या पांघरुणाला बिलगली आणि वेंडेलच्या पांढऱ्या दाढीत तर मुक्कामालाच गेली. त्यानं घाईनं व्हॅक्यूम क्लीनर आणला. तो पुढून ओढून घेई आणि मागून खोलीभर पसरवी.

पडद्यांवरची पावडर पुढे झटकता आली असती. पण चुलीवर पडली ती भाजली. वेंडेलच्या डोळ्यांदेखत ती वितळली, चकाकली आणि चुलीच्या काळ्या माथ्यावर गुलाबी होऊन पक्की बसली. त्यानं फडक्यानं पुसलं, फडकं जळलं. त्यानं सुरीनं खरवडलं, सुरी बोथट झाली. पिशवीवर ठळक अक्षरांत लिहिलंच होतं: उन्हापावसात टिकतं, ओरखडा पडत नाही.

खिडक्या सताड उघड्या टाकून तो वास घालवत होता, तेवढ्यात लव्हॉन आली. कोट न काढता ती सरळ चुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"वेंडेल."

"हं."

"आईची चूल गुलाबी झालीय."

"थोडीशी."

"आणि तुझी दाढी?"

"दाढी धुतली की जाईल."

"दाढीचं राहू दे, आधी तू जा!" ती ओरडली. मग तिनं खाली पडलेल्या डब्यात डोकावून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम उतरला. "अरे, पण हे बघ."

डब्यातली एकूण एक गोळी मिठाईसारखी गुलाबी झाली होती. कुठं टिंबाएवढीही जागा सुटली नव्हती. दोघांनी ओसरीवर कुडकुडत त्या भाजल्या. लव्हॉन मधेच खिडकीतून चुलीकडे बघे आणि मधेच हसू दाबी, आणि वेंडेलला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

गुरुवारी सगळा क्लब श्वास रोखून उभा होता. वेंडेलनं पहिला बार काढला. धूर नाही. दुसरा काढला. वास नाही. सगळे बार संपले तरी तळघर आरशासारखं स्वच्छ! टाळ्या पडल्या, ऑरिननं पाठ थोपटली आणि इतरांनीही आपापले बार उरकले.

मग निशाणांचे कागद जवळ ओढले गेले.

वेंडेलच्या कागदाला चारी कोपऱ्यांत भोकं होती. मधला काळा गोल मात्र छापखान्यातून आला तसाच कोरा होता. आपण मुळात पट्टीचे नेमबाज आहोत, फक्त धूर आडवा येतो, असं तो जन्मभर मानत आला होता. त्याला खरंच फार वाईट वाटलं. मग त्यानं शेजारी पाहिलं. ऑरिनच्या कागदाला भोकंच कमी होती, कारण बाकीच्या गोळ्या कागदापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

"उजेड कमी आहे," ऑरिन म्हणाला.

"दिवे परवाच बदलले," मागून कुणीतरी बोललं. त्याचाही कागद पाहण्यासारखा नव्हता. कुणाचाच नव्हता.

ऑरिनला न्यायला आलेली त्याची बायको ग्लोरिया जिन्यावरून डोकावली. "काय रे, आज तर वेंडेलच्या धुराची सबब नाही ना? मग किती गुण पडले?"

एवढ्या पुरुषांनी एकदम आपापल्या कागदांच्या घड्या घालायला सुरुवात केली.

घरी जेवताना वेंडेलनं विचारलं, "लव्हॉन, खरं सांग. मला नेम धरता येतच नाही का गं?"

"नाही," ती बटाटे वाढत म्हणाली. "पण धूर झकास करायचास."

सकाळी दार वाजलं. ऑरिन उभा होता, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड काहीतरी. मागे रस्त्यावर क्लबमधल्या आणखी दोघांच्या गाड्या थांबल्या होत्या, आणि त्यांच्याही हातांत तसंच काही होतं.

"काय आणलंस?"

"मेंढीची चरबी. ताजी आहे." ऑरिन बुटांकडे बघत म्हणाला. "रात्री कमिटी बसली होती. जुनी परंपरा मोडू नये, असं सगळ्यांचं मत पडलं. एकमतानं."

"अरे, पण मग निशाण दिसणार नाही!"

"काल दिसलं ना?" ऑरिननं पुडकं त्याच्या हातात कोंबलं. "तेवढं पुरे."