पिंपातला श्वास

थोरलीला जुळी झाली त्या वर्षी मी कॉलेजच्या मागच्या शेडचा राखणदार होतो. भीती? छे! भीतीला माझा पत्ताच ठाऊक नव्हता!

त्या शेडमध्ये एक मॅडम इंजिनिअरिंगच्या मुलांना घाण झालेली जमीन साफ करायला शिकवत. बंद गॅरेजमागची तेलकट काळी माती पिंपात भरलेली, वर पाणी, आणि त्यात तेल खाणारे जिवाणू. खालून नळीने हवा. बुधवारी परीक्षक येणार होते. माती साफ दिसली नाही, तर मॅडमचा वर्ग बंद आणि शेडमध्ये दुचाक्यांचा तळ!

मी वाचायला शिकलो पन्नाशीनंतर. त्यामुळे दिसेल ती पाटी घरी बायकोला ऐकवायचो.

"पिंपावर काय लिहिलंय माहितीय? 'आत जिवंत आहेत. हवा बंद करू नका!'"

तिचा घास हातातच राहिला. "कोण जिवंत?"

"डोळ्यांना दिसत नाहीत म्हणे. पण रोज खातात!"

"अहो, आणि तुम्ही तिथे एकटे बसता?"

"एकटा कुठे? ते आहेत ना!"

मी ऐटीत हसलो. खरं तर पिंपाकडे पाठ करून मी कधी बसलो नाही. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं त्याचं झाकण हळूच वर यायचं, खाली बसायचं. एकदा लाइट गेली, पंप थांबला, तरी आतून लांब सुस्कारा आला. मी त्याला "हो, हो" म्हणालो!

मंगळवारी ही डबा घेऊन आली. मी पाणी भरून परततो, तर शेड चिडीचूप. हिच्या हातात शेडच्या कोपऱ्यातला रिकामा कॅन. हिचा जन्म इस्पितळाच्या फरश्या पुसण्यात गेलेला. संकट कोणतंही असो, हिचा उपाय एकच, फिनेल!

"काय केलंस गं?"

"झाकण माझ्याकडे बघून उचललं गेलं! मीही नळी उपटली, अख्खा कॅन ओतला. बघा कसं गप्प झालं!"

ती शांतता मात्र श्वासाहून वाईट होती.

मॅडम आल्या, वास घेतला आणि उलट्या बादलीवर मटकन बसल्या. मुलं माना खाली घालून उभी.

"कोण होतं हो आत?" हिने हळूच विचारलं. "लहान होतं?"

"कोट्यवधी होते, मावशी."

ही त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली.

शेडमध्ये आता दुचाक्या असतात. कुणाला रीतसर कळवायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहितो: पिंपातले सगळे जिवाणू मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत वारले.